श्वेताची रशियातली बहीण

मुलांनो, तुमचं नाव काय?

हसलात ना? "हा काय प्रश्न झाला! अंगणवाडीतलं पोरसुद्धा सांगेल," असंच म्हणालात की नाही? बरं, मग पुढचा प्रश्न घ्या. तुमच्या नावाचा अर्थ काय? आणि ते तुमच्यापर्यंत आलं कुठून?

आता कसे गप्प झालात!

आमच्या वर्गातही अस्संच झालं होतं. मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवीचा वर्ग माझ्याकडे असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यानंतर काही दिवसांनी रंगारी शाळेचा फलक रंगवायला आला. शिडीवर चढून त्यानं 'जि. उस्मानाबाद' ही अक्षरं पुसली आणि तिथं 'जि. धाराशिव' लिहिलं. सगळा वर्ग खिडकीला लोंबकळला होता. म्हटलं, आज आता गणित काही होत नाही. पुस्तक मिटलं आणि नावांवरच गप्पा सुरू केल्या.

उस्मानाबाद हे नाव हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून आलं. १९११ ते १९४८ एवढा काळ त्यांचं राज्य होतं. धाराशिव हे नाव त्याहून जुनं. गावाजवळची कोरीव लेणी धाराशिवची लेणी म्हणूनच ओळखली जातात. एवढं सांगून झाल्यावर मी मुलांना गृहपाठ दिला : "प्रत्येकानं घरी विचारून या. माझं नाव कुणी ठेवलं? का ठेवलं? त्याचा अर्थ काय?"

दुसऱ्या दिवशी काय धमाल आली म्हणून सांगू! एकजण रविवारी जन्मला म्हणून रवी. एकीचं नाव तुळजा. तुळजापूर आमच्यापासून काही फार लांब नाही, नवस बोललेला. एकाच्या आजोबांनी स्वतःच्या वडिलांचं नाव नातवाला दिलेलं. निम्म्या वर्गाची नावं आत्यानं ठेवलेली, आणि आत्यानं ती टीव्हीवरच्या मालिकांतून उचललेली!

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र उभीच राहिली नाही. तिचं नाव श्वेता.

"जिल्ह्याचं बदललं की!"

मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली. इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाई, माझं नाव बदलता येतं का?"

"का गं? नाव का बदलायचं?"

ती काही बोलेना. मी म्हटलं, "शाळेच्या जनरल रजिस्टरातलं नाव असं सहज बदलत नाही बाळ. पालकांचा अर्ज लागतो, वरून मंजुरी लागते."

"पण बाई, एवढ्या मोठ्या जिल्ह्याचं बदललं की!"

यावर काय बोलावं, मला सुचेना. कारण तिला नाव का नकोसं झालं होतं, ते मला ठाऊक होतं. आठच दिवसांपूर्वी मी वर्गात म्हणी शिकवल्या होत्या. त्यात एक म्हण होती, 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.' कथील म्हणजे तो स्वस्त, पांढुरका धातू. भांड्यांना कल्हई करतात ना, तो. नाव सोन्याचं आणि हातात मात्र कथलाचं कडं, म्हणजे नाव एक आणि स्थिती दुसरीच. मी विचारलं, "याचं उदाहरण कोण देईल?" मागच्या बाकावरून एकानं पटकन सांगितलं, "बाई, आपली श्वेता!"

श्वेता सावळी आहे. चांगली गडद सावळी. सगळा वर्ग खो खो हसला.

आणि खरं सांगते मुलांनो, माझ्याही ओठांवर हसू आलं. "गप्प बसा रे," एवढंच मी म्हटलं आणि पुढच्या म्हणीकडे वळले. मोठी माणसंही चुकतात, बरं का. ही माझी चूक. त्या दिवसापासून वर्गात तिला कुणी श्वेता म्हणून हाक मारली, की दुसरं कुणीतरी फिदीफिदी हसायचं.

मी तिला म्हटलं, "मला आठ दिवस दे. तुझ्या नावाचा नीट तपास करते. मग तू ठरव."

फाटक्या पुस्तकातली मुलगी

घरी येऊन शब्दकोश उघडला. 'श्वेत' म्हणजे पांढरा, शुभ्र. झालं! हे तर त्या मागच्या बाकावरच्या पोरालाही ठाऊक होतं.

पण एक गंमत झाली. आमच्या शाळेच्या कपाटात जुन्या पुस्तकांचा एक गठ्ठा आहे. त्यात रशियन गोष्टींचं एक मराठी पुस्तक होतं, मुखपृष्ठ केव्हाच गळून पडलेलं. तुमच्या आईवडिलांना विचारा, त्यांना आठवत असेल. सोव्हिएत संघ होता, तेव्हा मॉस्कोहून चक्क मराठीत छापलेली पुस्तकं आपल्याकडे यायची. गुळगुळीत कागद, सुरेख चित्रं आणि किंमत अगदी थोडी. तर त्या पुस्तकातल्या एका गोष्टीत स्वेतलाना नावाची मुलगी होती. ती बर्फात खेळायला जाते, वेळेचं भान राहत नाही, आणि आई दारातून हाक मारते. काय म्हणून हाक मारते, सांगा बरं?

"स्वेता! ए स्वेता!"

मी पान पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे हजारो मैलांवरच्या बर्फाळ देशात लाडानं मारलेली हाक आणि आमच्या तिसऱ्या बाकावरचं नाव जवळजवळ एकच! हा नुसता योगायोग, की दोघींचं काही नातं आहे? मग मी तालुक्याच्या वाचनालयात बसले, शब्दकोश चाळले, मोबाइलवर शोधलं. जे सापडलं, ते आता तुम्हाला सांगते.

कवितेतून जन्मलेलं नाव

बहुतेक नावं कधी जन्मली, हे कुणालाच सांगता येत नाही. पण स्वेतलाना या नावाची जन्मकथा ठाऊक आहे. रशियन भाषेत 'स्वेत' म्हणजे उजेड, प्रकाश. त्यावरून अलेक्सांद्र वोस्तोकोव्ह नावाच्या कवीनं १८०२ साली आपल्या एका काव्यातल्या नायिकेसाठी 'स्वेतलाना' हे नाव तयार केलं. जुन्या काळचं वाटावं, असं नवं नाव! पुढे वासिली झुकोव्हस्की या मोठ्या कवीनं आपल्या कथाकाव्यातल्या नायिकेला हेच नाव दिलं. ते काव्य १८१३ साली छापलं गेलं आणि रशियाभर गाजलं.

त्यातली गोष्ट थोडक्यात अशी. स्वेतलानाचा प्रियकर दूर देशी गेलेला. वर्ष झालं, पत्र नाही की निरोप नाही. थंडीतल्या एका सणाच्या रात्री मुली भविष्य पाहण्याचे खेळ खेळतात. स्वेतलानाही आरशासमोर मेणबत्ती लावून बसते. बसल्या बसल्या तिला एक भयंकर स्वप्न पडतं. बर्फ, वादळ, घसरगाडी, शवपेटी! सकाळी कोंबडा आरवतो, तिला जाग येते, आणि खरोखरचा प्रियकर हसत हसत दारात उभा! रात्र सरली, उजेड झाला. नाव शोभलं की नाही?

हे काव्य लोकांना इतकं आवडलं, की कवीचे मित्र खुद्द त्या पुरुष कवीलाच 'स्वेतलाना' म्हणू लागले! १८३६ साली कार्ल ब्रुलोव्ह या चित्रकारानं आरशासमोर बसलेल्या स्वेतलानाचं चित्रही काढलं.

पण मुलांनो, एक अडचण होती. त्या काळी रशियात बाळाचं नाव चर्चमध्ये ठेवायचं, आणि ते संतांच्या नावांच्या यादीतलंच असलं पाहिजे. स्वेतलाना नावाचा कुणी संत नव्हता! मग लोकांनी युक्ती केली. संतांच्या यादीत फोतिनिया हे नाव होतं. ते मूळचं ग्रीक, आणि त्याचाही अर्थ प्रकाशाचाच. 'फोटो' शब्द तुम्हाला माहीत आहे ना? प्रकाशाच्या मदतीनं काढलेलं चित्र. त्यातला 'फोटो' आणि फोतिनियातला 'फोत' एकच. तर चर्चच्या वहीत नाव फोतिनिया आणि घरात हाक स्वेतलाना. आपल्याकडे कसं पाळण्यातलं नाव एक आणि हाक मारायचं दुसरं, तसंच की हे!

१९१७ साली रशियात क्रांती झाली. मग जन्माची नोंद सरकारी कचेरीत होऊ लागली आणि यादीची अट गेली. त्यानंतर हे नाव घरोघर पसरलं. १९२६ साली सोव्हिएत सत्ताधारी स्टालिन यांनाही मुलगी झाली, तिचं नाव स्वेतलानाच. हीच स्वेतलाना पुढे आपल्या भारतात आली होती. ब्रजेश सिंह नावाचे एक भारतीय गृहस्थ तिचे जिवलग साथी होते. मॉस्कोत त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या अस्थी घेऊन १९६६ च्या डिसेंबरात ती उत्तर प्रदेशात गंगाकाठच्या कालाकांकरला आली. तिथूनच पुढे तिनं अमेरिकेची वाट धरली. वडिलांचं आडनाव तिनं केव्हाच टाकलं होतं. नंतर नावही तोडून नुसतं 'लाना' ठेवलं. बघा, नावाचं ओझं मोठ्यांनाही होतं.

शब्दांचं गोत

आता मुख्य प्रश्न. रशियन 'स्वेत' आणि आपलं 'श्वेत', यांचं नातं काय?

१७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशानं एक भाषण केलं. तो संस्कृत शिकत होता. तो म्हणाला, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांत इतकं साम्य आहे, की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असल्या पाहिजेत. पुढे अभ्यासकांनी खूप काम केलं आणि या मोठ्या कुटुंबात रशियनचीही जागा पक्की झाली. म्हणजे रशियन ही संस्कृतची दूरची बहीण, आणि आपली मराठी तर संस्कृतच्याच घरातली.

खरं वाटत नाही? मग हे शब्द मोठ्यानं वाचा. आपलं नभ, त्यांचं 'न्येबो', म्हणजे आकाश. आपला मध, त्यांचा 'म्योद'. आपला भ्राता, त्यांचा 'ब्रात'. आपला अग्नी, त्यांचा 'अगोन'. आपली विधवा, त्यांची 'व्दोवा'. आपले तीन, त्यांचे 'त्री'. आहे की नाही मजा?

पण थांबा हं. नुसतं साम्य दिसलं, की नातं जोडायला धावायचं नाही. रशियन भाषेत 'रामा' असा शब्द आहे. म्हणून का तो आपल्या रामाचा? छे! तिथं रामा म्हणजे खिडकीची चौकट! नातं ओळखायचं, तर नियम सापडावा लागतो. इथं नियम असा, की संस्कृतात जिथं 'श' असतो, तिथं रशियनमध्ये पुष्कळदा 'स' येतो. आपलं दश, त्यांचं 'देस्यत'. आपलं शत, म्हणजे शंभर, त्यांचं 'स्तो'. आपली श्वश्रू, म्हणजे सासू, त्यांची 'स्वेक्रोव्ह'. आणि याच नियमानं आपलं श्वेत, त्यांचं 'स्वेत'. पटलं?

अजून दोन नातलग राहिले. निजामाच्या राज्यामुळे आपल्या मराठवाड्याच्या बोलीत फारसी-उर्दू शब्द भरपूर आहेत. त्यातला 'सफेद' घ्या. तो फारसीतून आला आणि तोही याच मुळाचा. आणि इंग्रजीतला 'व्हाइट'? तोसुद्धा! म्हणजे श्वेत, सफेद, व्हाइट आणि स्वेत ही चार भावंडं, चार देशांत वाढलेली.

आता नीट लक्ष द्या, कारण खरी गोष्ट इथं आहे. या चौघांच्या मुळाशी जो जुना अर्थ आहे, तो 'चमकणं, उजळणं' असा. तीन घरांत त्याचा रंग झाला, पांढरा. रशियाच्या घरात मात्र त्याचा उजेडच राहिला. तिथं पहाटेला 'रास्स्वेत' म्हणतात. मेणबत्तीला 'स्वेचा' म्हणतात. आणि पावसाळ्याच्या तोंडाला झाडांवर लुकलुकणारा काजवा असतो ना, त्याला म्हणतात 'स्वेतल्याचोक'! एवढंच नाही, 'स्वेत' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, जग. उजेडात दिसतं ते सगळं.

मग आपल्या घरात उजेडाचा अर्थ अगदीच हरवला का? नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात उषेचं, म्हणजे पहाटेचं एक सूक्त आहे. त्यात उषेला 'श्वेत्या' म्हटलंय, उजळत येणारी. आणि काळी रात्र तिथं कोण आहे, माहीत आहे? तिची बहीण! रात्र तिच्यासाठी जागा मोकळी करून देते. दोघींची वाट एकच, दोघींचं कधी भांडण नाही.

मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. श्वेत म्हणजे पांढरा, हा अर्थ आहेच. पण तो एकटा नाही, आणि जुना तर मुळीच नाही.

एप्रन आणि पोलाद

आठवा दिवस उजाडला. मी वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'स्वेतलाना साविट्स्काया.' म्हटलं, "आज एका मुलीची गोष्ट."

ही स्वेतलाना १९४८ साली मॉस्कोत जन्मली. वैमानिक झाली. १९७० साली विमानाच्या कसरतींची जगज्जेती ठरली. अवकाशात गेलेली पहिली स्त्री व्हालेन्तिना तेरेश्कोव्हा, १९६३ साली. त्यानंतर तब्बल १९ वर्षं एकही स्त्री अवकाशात गेली नव्हती. १९८२ च्या ऑगस्टमध्ये ही दुसरी गेली. सॅल्यूत-७ या अवकाशस्थानकात ती पोचली, तेव्हा तिथल्या एका अंतराळवीरानं थट्टेनं तिच्यापुढे काय धरलं, सांगा? स्वयंपाकाचा एप्रन!

वर्गातल्या मुली एकदम "हॅ!" म्हणाल्या.

"पुढं ऐका," मी म्हटलं. दोन वर्षांनी, १९८४ च्या जुलैत, ती पुन्हा त्याच स्थानकावर गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथं आणखी कोण राहून आलं होतं? आपले राकेश शर्मा! २५ जुलै १९८४ या दिवशी ती स्थानकाचं दार उघडून बाहेर पडली. खाली पृथ्वी फिरतेय, चहूकडे पोकळी. साडेतीन तासांहून जास्त वेळ ती बाहेर होती. आणि तिथं तिनं काय केलं? धातू कापला, धातू जोडला! आपल्या गावच्या वेल्डिंगच्या दुकानात ठिणग्या उडतात ना, तसलं काम, पण अवकाशात. अवकाशात चालणारी ती जगातली पहिली स्त्री.

"एप्रनचं काय झालं, बाई?" कुणीतरी विचारलं. सगळे हसले. श्वेतासुद्धा.

मी म्हटलं, "तिच्या घरी तिला काय म्हणायचे, ठाऊक आहे? रशियात प्रत्येक स्वेतलानाला म्हणतात तेच. स्वेता."

वर्गात शांतता पसरली. मग एकेक मान तिसऱ्या बाकाकडे वळली. मी शब्दांचं सगळं गोत फळ्यावर काढून दाखवलं. स्वेत, श्वेत, सफेद, काजवा, पहाट. शेवटी म्हटलं, "आपण त्या दिवशी नावाला रंग चिकटवला. मीही हसले होते. ते चुकलं माझं."

मागच्या बाकावरचा तो मुलगा खाली मान घालून बसला होता. मग त्यानं हात वर केला. "बाई, मग ती सोनूबाईची म्हण चुकीची का?"

मला उत्तर द्यायचं होतं, पण त्याआधी श्वेताच उभी राहिली. आठ दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, "बाई, सोनूबाईच्या आईकडं सोनं नव्हतं, म्हणूनच तिनं पोरीचं नाव सोनू ठेवलं असंल. नाव तरी सोन्याचं असू दे म्हणून."

मुलांनो, मी गेली कित्येक वर्षं ही म्हण शिकवतेय. पण सोनूबाईच्या आईचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. कथलाचा वाळा घालणाऱ्या गरीब बाईला हसणं सोपं असतं. तिला ते नाव कुणी, कशासाठी दिलं, हे विचारायला त्या मुलीचंच काळीज हवं. मी एवढंच म्हटलं, "बस बाळ. आज तू मला शिकवलंस."

आता तुमची पाळी

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. तिच्या आईला विचारलं, "श्वेता नाव कुणी ठेवलं हो?" आई हसल्या. "तिच्या आत्यानं. अक्षर 'श' आलं होतं. नाव चांगलं वाटलं, ठेवलं." बस, एवढंच! त्यात ना ऋग्वेद, ना रशिया. पण म्हणून काय झालं? आत्यानं नुसतं चांगलं वाटलं म्हणून उचललेल्या नावामागेही इतका लांबचा प्रवास असतो.

नाव बदलण्याच्या अर्जाचा कोरा कागद मी टेबलाच्या खणात ठेवला होता. पुढच्या आठवड्यात तिला विचारलं, "देऊ का गं?" ती म्हणाली, "राहू द्या बाई." तिनं वहीच्या पहिल्या पानावर आपलं नाव लिहिलं होतं आणि शेजारी एक काजवा काढला होता. काजवा काढायचा, तर भोवती रात्र काढावीच लागते. तिनं ती पेन्सिलीनं छान गडद रंगवली होती.

आता तुम्ही काय करायचं? आज घरी विचारा. नाव कुणी ठेवलं, का ठेवलं, अर्थ काय. आजी-आजोबा असतील, तर त्यांच्या नावांचंही विचारा. धोंडू, दगडू अशी नावं का ठेवायचे, ते ऐका. मूल जगावं, त्याला कुणाची दृष्ट लागू नये, म्हणून मुद्दाम तसलं नाव! आणि गंमत म्हणजे सर्बिया देशातही हीच रीत. तिथले थोर कोशकार वुक कराजिच यांची आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून १७८७ साली ते जन्मले, तेव्हा त्यांचं नाव ठेवलं 'वुक'. वुक म्हणजे लांडगा, आपल्या संस्कृतातला वृक! चेटकिणी लांडग्याला घाबरतात म्हणे. आपल्याकडे दगड, तिकडे लांडगा, पण आईची काळजी एकच.

शोधता शोधता तुम्हालाही अशा बहिणी सापडतील. सर्ब आणि क्रोएट लोकांत 'वेस्ना' हे मुलींचं नाव आहे. त्याचा अर्थ वसंत ऋतू, आणि नातंही वसंताशीच. बल्गेरियात 'ओग्न्याना' असते, ती आपल्या अग्नीच्या गोतातली. आणि रशियात 'ल्युबोव्ह' नावाच्या बायका असतात. ल्युबोव्ह म्हणजे प्रेम, माया. तिची इकडची बहीण कोण, ठाऊक आहे? आपला 'लोभ'! तुम्ही म्हणाल, लोभ तर वाईट. तसं नाही हं. मामाला पत्र लिहिताना आजोबा शेवटी काय लिहायचे, आठवा. तो लोभ म्हणजे मायाच.

कुणाच्या नावाला हसू आलं, तर एकदा थांबा आणि त्याला विचारा, "तुझं नाव कुणी ठेवलं रे?" बघा काय काय ऐकायला मिळतं ते. आणि जे सापडेल, ते मला जरूर कळवा.

लोभ असावा.

तुमच्या बाई